शून्य युआनचं तिकीट

उणे अठरा, मोबाईल म्हणाला.
बाबांनी टोपीचे कान खाली ओढले
आणि थर्मासचं झाकण दोनदा तपासलं,
जणू गरम पाणीही वाटेत कोणी चोरेल.

चाळीस वर्षं ते दातोंगच्या खाणीत उतरले,
लेण्यांपासून सायकलने अर्ध्या तासावर,
आणि एकदाही इकडे फिरकले नाहीत.
"दगड बघायचाच तर पगार घेऊन बघावा."
मी तियानजिनहून आले, चार दिवसांची रजा टाकून.

सकाळी नऊ ड्रॅगनांची भिंत झाली.
समोरच्या हौदातलं पाणी गोठलेलं,
त्यामुळे प्रतिबिंब नव्हतं, नुसती भिंत.
बाबांनी ड्रॅगन मोजले. नऊच भरले.
"बरोबर आहे," म्हणाले, आणि चालू लागले.

युनगांगच्या खिडकीवर कळलं
की म्हाताऱ्यांना फुकट. ते अडून बसले.
"नोंद नको? आत गेलेला माणूस
बाहेर आला की नाही, कुणाला कळणार?"
मागे रांग कुरकुरायला लागली तेव्हा
खिडकीतल्या मुलीने शून्य युआनचा एक कागद छापला,
तो त्यांनी आतल्या खिशात ठेवला,
खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.

झाडांना पानं नाहीत, नदीला आवाज नाही.
पिवळ्या झेंड्यामागून गाईड सांगत होती
कोणत्या राजाचा चेहरा कोणत्या बुद्धाला दिलाय.
बाबा छताकडे बघत होते.
हात लावायला बंदी, म्हणून बोटाच्या पेराने
हवेतच दोनदा ठोकलं, कान दिला.
"छत पक्कं आहे. टेकू नको याला."

मग माझ्याकडे न बघता:
"वरची ती खिडकी दिसते? तिथून सुरुवात केली.
आधी उजेडाला भोक पाडलं.
मग डोकं. मग खांदे. राडारोडा काढत काढत खाली.
पायांपर्यंत पोचायला पहिल्या माणसाला
आयुष्य पुरलं नसणार."
"कशावरून?"
"घाव बघ ना छिन्नीचे.
वरचे दमलेले नाहीत."

पुढच्या मूर्तीच्या अंगभर भोकं होती.
गाईड म्हणाली, कधीतरी खुंट्या ठोकून
मातीचा लेप चढवला होता, लेप गेला, भोकं राहिली.
बाबा म्हणाले,
"माझ्या छातीचा फोटो असाच आलाय."
आणि हसले. मी नाही हसले.

मोठा बुद्ध उघड्यावरच बसलेला,
समोरची भिंत केव्हाच ढासळून गेलेली.
मांडीत चिमूटभर बर्फ. चुण्यांमध्ये काळं.
पूर्वी समोरूनच रस्ता होता,
रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. आता वळवलाय.
"आमचे ट्रक," बाबा म्हणाले.
"तुम्ही कुठे चालवलेत?"
"भरले कुणी?"

झाडणारी एक बाई होती, दंडावर लाल पट्टी.
तिला त्यांनी विचारलं, हे काळं निघतं का.
"आम्हाला नाही हात लावू देत. शिकलेली माणसं येतात,
दात घासायच्या ब्रशएवढ्या ब्रशने
दिवसभरात तळहाताएवढं करतात."
मग निघालं, तिचा नवरा बाबांच्याच पाळीत होता,
हौ रुईलान तिचं नाव,
नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली.
मग पेन्शन. मग गुडघे. मग यंदा
खोली तापवायचा खर्च किती वाढला ते.
अर्धा तास दोघं उभी, बुद्धाकडे पाठ करून.

तो फोटो माझ्याकडे आहे.
दोघांच्या तोंडची वाफ एकमेकांत मिसळलेली,
आणि मागे, बराच वर,
काहीही न ऐकल्यासारखं ते हसू.

परतताना नूडल्स खाल्ल्या,
सुरीने सपासप कापून उकळीत पडणाऱ्या.
व्हिनेगर कमी होतं, एवढीच दिवसाची तक्रार.

घरी दाराशेजारी एक खिळा आहे,
त्यावर कधी कॅलेंडर पाहिलं नाही मी, ना छत्री.
बाबांनी बूट काढायच्या आधी
आतल्या खिशातून तो कागद काढला,
खिळ्यावर टोचला,
आणि मग म्हणाले,
"हं. आलो वर."