तपासणीचं टेबल

सव्वीस वर्षं मी टॉवेल तपासतोय.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली
कापड टेबलावरून ओढायचं
आणि नजर त्याच्या उलट चालू द्यायची.
तुटका ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा थेंब.
सापडला की खडूची खूण,
आणि तुकडा सेकंडच्या गठ्ठ्यात.

डाव्या टाचेखालचा ठिपका मात्र मला दिसला नाही.
राजेश्वरीला दिसला.
गड्ड्याच्या जत्रेतून धुळीनं भरून आलो होतो,
मोरीत पाय चोळताना म्हणाली, हे काय, वंगण?
साबणानं गेलं नाही.
रॉकेलनंही गेलं नाही.

हत्तुरे मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला,
एकदा मोठ्यानं, एकदा स्वतःशी.
कातडीचा आहे म्हणाल्या. वरच्यावर आहे.
वेळेत सापडलाय.

रुपयाएवढं कापून काढलं.
मांडीची पातळ कातडी तिथं बसवली.
पट्टी सुटली तेव्हा
मी एवढंच बोललो : टाका बारीक आहे.

बाकीचं रात्री.

पूर्व भागात माग खडखडत असले की
मला झोप लागते, लहानपणापासूनची सवय.
पण लाईट गेली की सगळी गल्ली एकदम थांबते
आणि त्या शांततेत
‘वेळेत’ हा शब्द मी उलगडून बघतो.
कुणाच्या वेळेत?
काठाला किती सोडून कापलं?
एखादा धागा आधीच
आत कुठं गेला असला तर?

मग मोबाइलचा टॉर्च. मग दाढीचा आरसा.
पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या, नखं,
कानामागं, जिथं आरसाही नीट पोचत नाही.
काल होता तेवढाच आहे का हा?
की टॉर्च जवळ धरला म्हणून मोठा?

राजेश्वरी उठली एकदा.
विडीची पानं कापावीत तशी सरळ बसली,
माझे सगळे तीळ मोजले, पाठीवरचेसुद्धा.
एक कट्टा आणि वर सहा, म्हणाली.
वहीत लिहिलं, कारखान्याच्या हिशेबाखालीच.
आरसा ट्रंकेत टाकला.
आता पगाराच्या दिवशी मोजायचं, मी मोजणार.
मधे हात लावायचा नाही.
एम् कादु.
काही होत नाही, असं आमच्यात म्हणतात,
काहीतरी झालेलं असतं तेव्हाच.

मधले एकोणतीस दिवस
मी कापडाकडं बघतो.
कधी जमतं.
कधी अख्खा ताका हाताखालून जातो
आणि मी टाचेतच असतो.
परवा नवीन लागलेली मुलगी, कोंड्याल यांची स्वप्ना,
मी पास केलेल्या टॉवेलवर खडू टेकवून म्हणाली,
काका, इथं एक सुटलाय.
पाणी प्यायला बाहेर गेलो. पाणी प्यालो नाही.

वर्षाची तपासणी होती आज.
मॅडमनी दिवा खाली ओढला, भिंग लावलं,
माझं अंग टेबलावर, त्यांची नजर उलट दिशेनं.
हे काम मला माहीत आहे.
तपासणाऱ्याच्या हातून काय काय सुटतं
तेही माहीत आहे,
म्हणून विचारलं,
मॅडम, दुपारी तीननंतर तुमचे डोळे थकतात का हो?

त्या थांबल्या.
चश्मा काढून पुसला.
थकतात, म्हणाल्या,
आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.

पुढची तारीख तीन महिन्यांनी.
बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, रिक्षा पलीकडच्या बाजूला,
चपलेचा पट्टा नेमका रस्त्यात तुटला.
अनवाणी चार पावलं पडली.
सगळा तळवा भाजला,
तेवढा तुकडा सोडून.
मांडीच्या कातडीला जमीन ठाऊक नाही अजून.
रिक्षात बसून मी तिच्यावर तळहात ठेवला,
तपासायला नाही.
ती गार होती.