आसन

दांडिया बाजारातल्या दुकानात मी काजं करत होतो
तेव्हा शाफ्रिझाल आला.
नाटक शिकायला सुमात्राहून बडोद्याला आलेला पोरगा,
हिंदी तुटकी, गुजराती त्याहून तुटकी,
पण कापड चाचपायची रीत आमची:
अंगठा खाली, दोन बोटं वर.

"अशी विजार," म्हणाला, आणि माझ्याच बिलाच्या पाठीवर काढली.
आसन गुडघ्याच्याही खाली.
बेचाळीस वर्षं मी आसन वर घेत आलोय,
गिऱ्हाईक ओरडतं, मास्तर, लोंबतंय.
हा म्हणतो, लोंबू दे.
वाजलं पाहिजे.

पाय फाकवून उभा राहिला, नसलेलं कापड ताणलं,
आणि दोन्ही हातांनी हवेत थाप मारली.
त्यांच्याकडे नाटक गोलात उभं राहून करतात.
एक जण गोष्ट सांगतो, थांबतो,
सगळे फिरतात, मांड्यांमधलं कापड वाजतं,
आणि गोष्ट एक पाऊल पुढे जाते.
ढोल वेगळा लागत नाही, शिंप्याकडेच शिवून मिळतो.

पॉपलीन फुसकं निघालं.
मांजरपाट ओल्या टाळीसारखं.
शेवटी काळं ड्रिल, दुहेरी शिवण,
आणि वाजलं असं की समोरचा फरसाणवाला दचकून वर पाहू लागला.

ट्रायलच्या दिवशी तो बोलत होता, मी टाचण्या लावत होतो.
मोठ्या राजाची फौज आली म्हणे,
यांनी म्हटलं माणसं कशाला मारता, रेडे झुंजवू.
त्यांनी डोंगराएवढा रेडा आणला.
यांनी आणलं दोन दिवस उपाशी ठेवलेलं पारडू,
नाकाला सुरी बांधलेली.
त्याला वाटलं, आई. दूध प्यायला धावलं.
"म्हणून आमच्या घरांच्या छपरांना शिंगं असतात."

आणि घर कोणाचं? मी सहज विचारलं.
"आईचं. नंतर बहिणीचं."
तुझं?
तो हसला. "मी सात वर्षांचा असल्यापासून मशिदीशेजारच्या खोलीत झोपायचो,
सगळी पोरं तिथेच. मोठं झालं की निघायचं गावाबाहेर,
कमवायचं, काही शिकून परत यायचं. म्हणून तर इथे आलो."
आणि मामा?
"मामा बहिणीच्या मुलांची जमीन राखतो.
त्याला ती विकता येत नाही."

माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या.
बरं झालं.

कोठी कचेरीत, एकोणनव्वद साली,
कुमुदने हक्कसोड पत्रावर सही केली.
शाई पसरली म्हणून पुन्हा केली.
मी तिला नारायणपेठी घेतली होती,
ती म्हणाली, दादा, एवढी महाग कशाला.
बाहेर उसाचा रस प्यायलो.
आलं जास्त झालंय, एवढंच बोलली.
दुकान, वरच्या दोन खोल्या, मागचा नळ,
सगळं त्या एका ग्लासात उतरलं.
आता ती पादऱ्याला भाड्याने राहते, उन्मेषबरोबर.
त्याच्या मुंजीत मी चांदीची वाटी दिली होती,
मामा म्हणून.
वाटीवर माझं नाव कोरलेलं आहे.

प्रयोग कॉलेजच्या पटांगणात झाला.
बारा विजारी, सगळ्या माझ्या हातच्या.
भाषा एक अक्षर कळली नाही.
कोणीतरी निघालं होतं, कोणीतरी उंबऱ्यात उभं होतं,
एवढं भाषेशिवाय कळतं.
सांगणारा मध्येच थांबला.
चोवीस हात खाली आले.
मी मागे वळून पाहिलं,
कोणी दार ठोठावतंय असं वाटलं.

सकाळी दुकान उघडण्याआधी उन्मेषला फोन केला.
म्हटलं, येऊन जा, माप घ्यायचंय.
आईलाही आण.
"कशाचं माप, मामा?"

तोंडात एकही टाचणी नव्हती.
तरी वेळ लागला.