वहिवाट

इमेरेतीत, आमच्या गावावरच्या कड्यात
ही गुहा आहे. तोंड दक्षिणेला,
म्हणून ऐन थंडीतही दुपारचं ऊन
तासभर आत येऊन बसतं.
मुर्मान, माझा नवरा, इथं शेळ्या कोंडायचा.
त्याच्याआधी त्याचा बाप.
त्याच्याआधी कोण, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

आता दर उन्हाळ्यात ग्वान्त्सा येते तिबिलिसीहून,
ब्रश, सुतळी, आणि न संपणाऱ्या पिशव्या घेऊन.
ती माती खरवडते, मी नदीवर चाळणीत धुते.
रोजाचे पैसे, दुपारी मक्याची भाकरी.

पहिल्या वर्षी सगळी हाडं मला सारखीच.
आता अंगठ्याला कळतं:
गारगोटीची चीर अरुंद, सरळ,
दाताची रुंद, कडा चेपलेली.
तरसाच्या पोटातून आलेलं हाड
चोखून टाकलेल्या गोळीसारखं.

एका रानबोकडाच्या मांडीवर दोन्ही खुणा होत्या.
ग्वान्त्सानं भिंग माझ्या हाती दिलं.
चीर खाली, दात तिच्यावरून गेलेला.
म्हणजे आधी माणूस जेवला
("माणूसच म्हण, नानुली, निअँडरथल झाला म्हणून काय"),
मग उठून गेला. राख निवली.
मग बाहेर अंधारात ताटकळलेलं कुणी
आत आलं.

मध्ये किती वेळ?
एखादी रात्र, ती म्हणाली. फार तर आठवडा.
हाड ओलं असेतोवर.

त्याच्यावर वीतभर पिवळी माती, नुसती अस्वलांची.
झोपेतच गेलेली, म्हातारी आणि पिल्लं.
चुलीचा मागमूस नाही.
वीतभर म्हणजे किती वर्षं, हे मी विचारलं नाही.
मग पुन्हा राख.

आणि सगळ्यात वर आमचा थर.
वहीत तिनं लिहिलं: अलीकडचं, शेळ्यांचं शेण. टाकून द्यावं.
टाकायच्या ढिगातच मला ते सापडलं,
करडाची फरी, तिच्यावर लोखंडी सुरीची तिरकी चीर
(मुर्मान डावरा होता)
आणि चिरेवरून लांडग्याचा दात.

ती रात्र मला ठाऊक आहे.
बर्फ पडत होता, आम्ही जेवून खाली उतरलो,
तो दोनदा वळून म्हणाला, कुणीतरी आहे गं.
मी म्हटलं, चल.

फरी मी धुतली. नंबर नाही, पिशवी नाही.
उन्हात ठेवली बाकीच्यांच्या रांगेत,
रानबोकडाच्या मांडीशेजारी.

संध्याकाळी शेजारच्या बिचिकोचं कुत्रं आलं,
रांगेतलं एकेक हाड हुंगलं,
तिच्यापाशी थांबलं जरा जास्त.
मी हाड् म्हटलं नाही.