जांभळी वीत

आठ इंच उंच, एक इंच रुंद.
कायद्यात असंच लिहिलंय,
आणि माझी वीत नेमकी आठ इंच भरते,
म्हणून प्रूइटने मला कामावर ठेवलं: पट्टी लागत नाही.
जमिनीपासून तीन फुटांच्या वर, पाचाच्या खाली,
झाड ते झाड शंभर फुटांच्या आत.
पूर्व टेक्सासच्या पाइनच्या रानात
एवढी एक जांभळी रेघ म्हणजे
आत येऊ नका.
कुंपण नको, कुत्रं नको, पाटीही नको.
पाटीला लोक गोळ्या घालतात.

जांभळाच का, विचारलं,
तर म्हणाला, लाल-हिरवं न कळणाऱ्यालाही हा दिसतो.
म्हणजे “मला दिसलं नाही” म्हणायची सोय
कुणालाच ठेवलेली नाही.

मार्चभर नऊशे एकर. झाडामागे चाळीस सेंट.
तिसऱ्या आठवड्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला,
पाइन संपले आणि चार म्हातारे सीडर लागले.
खाली जमीन खचलेली, माणसाच्या लांबीची,
एके ठिकाणी, दोन, पाच,
मग मोजणं सोडलं.
कडेने रोवलेले शिंपले. औषधाच्या निळ्या बाटलीचं बूड.
आणि तव्याएवढ्या सिमेंटवर खिळ्याने ओरखडलेलं
लुएला टार्प्ली. वय सहा. १९३१.
एक अक्षर उलटं पडलेलं.

ब्रश टपकत होता.
हद्द त्या झाडांवरूनच जात होती.
मी रेघ मारली. खोटं कशाला सांगू, चारही मारल्या.
माझी माणसं नदीपलीकडे पुरलीत,
तिथे जाऊन परत यायला वेगळे कागद लागतात.

एप्रिलात ती गेटवर आली, ओझेला टार्प्ली,
चौऱ्याऐंशीची, डोक्यावर पिवळी हॅट,
हातात शिकारी क्लबचं पत्र:
रविवारी नऊ ते अकरा, माणसं दोन, गाडी एक,
हरणांच्या मोसमात नाही.
बरोबरचा भाचा कर्ली तणतणत होता,
आत्ये, रक्ताच्या माणसाला थडग्यापर्यंत वाट द्यावीच लागते,
कायदा आहे, शेरीफलाही ठाऊक आहे,
पत्र कसलं मागतेस?
ती म्हणाली, मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे.
गेटला ठाऊक आहे का?

मी कुलूप काढलं. वाट दाखवायला पुढे झालो,
तर तीच पुढे.
क्लबने रान घेतल्यापासून चार वर्षं कुणी फिरकलं नव्हतं,
झुडपांनी सगळं गिळलेलं,
पण वहिवाट तिच्या घोट्यांत होती.
ओढा कुठे उथळ आहे हे तिने खाली न बघताच सांगितलं.

पहिल्या सीडरपाशी थांबली.
कोणी काढली ही?
मी.
तिने रेघेवर आपली वीत ठेवली.
संधिवाताने बोटं मुडपलेली,
वर दोन बोटं जांभळा उरला.
मग झाडाला वळसा घालून आतल्या अंगाला गेली
आणि तिथून हाक मारली:
इकडून तर कोरं आहे रे.

खरंच होतं. रेघ बाहेर बघते.
आतल्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

तासभर ती वाकून पाइनच्या सुया वेचत राहिली.
कधी न पाहिलेल्या बहिणीशी काय बोलली,
ते मी ऐकलं नाही. मी ओढ्यापाशी होतो.
कर्लीने दोनदा घड्याळ बघितलं.

परतताना गेटवरची वही भरावी लागते.
नाव. गाडीचा नंबर. कामाचं स्वरूप.
कोणाच्या परवानगीने.
तिने चश्मा पुसला, पेन झटकलं,
प्रत्येक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं लिहिलं.
दहा चोपन्न.

सोमवारी प्रूइट वही चाळत होता.
परवानगीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला,
लुएला टार्प्ली? ही कोण?
क्लबची मेंबर आहे?

जुनी आहे, मी म्हणालो,
आणि डब्याचं झाकण लावू लागलो.
रंग सुकला की ते नीट बसत नाही.