मिरीचे दिवस भरले

एक्स-रेत तीन कणे दिसले होते,
मोहरीचे दाणे ओळीनं मांडावेत तसे.
तीनच, धनकवडीचे डॉक्टर म्हणाले.
मार्केट यार्डातून आणलेल्या डाळिंबाच्या खोक्यात
मी जुना गाऊन अंथरला;
मिरीनं तो उपसला, पुन्हा उपसला,
आणि जाऊन बसली ह्यांच्या चपलांवर.

सकाळी थर्मामीटर उतरला, रात्री दोनला पहिलं.
मग दुसरं.
तिसरं निळसर, गप्प.
कुत्रं पलंगाजवळ नको म्हणणारे हे
त्याला बनियनमध्ये घेऊन चोळत राहिले,
अरे, ओरड की, गाढवा.

ओरडलं.

कात्री उकळून उकळून पाणी आटलं होतं;
नाळा तिनंच तोडल्या.
मी चहा टाकायला वळले तोवर
चौथं आलं,
कुणाच्याच हिशेबात नसलेलं,
आणि मिरी ते चाटत होती
ह्यांच्या उजव्या चपलेवर.