दोरीच्या या टोकाला

कुंभारीच्या पुढं, बंद पडलेल्या खाणीत
ट्रकच्या जुन्या टायरमध्ये नळी आवळून
अब्बा म्हणायचे, "मागं हो. अजून मागं."
माझ्या हातात दोरी:
चादरीच्या कारखान्यातलं उरलंसुरलं सूत,
सात पदरी वळलेलं, एक हिरवा, बाकी पांढरे.

ठासणीची बंदूक. वळसंगच्या बसलिंगप्पांची.
"डुकरं भुईमूग उकरतात," ते सांगत होते,
"आजोबांनी चाळीस वर्षं उडवली. काही झालं नाही."
अब्बा नळीत काडी घालून खोली मोजत होते.
"आजोबांचं नशीब लायसनवर चढत नाही, मालक."

दारू रोजच्यापेक्षा जास्त, शिसंही जास्त.
जन्मात एकदाच नळीला इतकं विचारायचं,
तेही कुणाचा गाल तिला टेकलेला नसताना.

मी ओढली.

धूर आधी पांढरा, मग पिवळट,
मग गड्ड्याच्या दारूकामानंतर
तळ्यावर रेंगाळतो तसला वास.
होटगीकडं निघालेली बगळ्यांची रांग मोडली.
नळी जागेवर. फुगली नाही.
अब्बांनी कॅलिपर लावला, पाणी भरून ठेवलं,
बाहेरून फडकं फिरवलं. थेंब नाही.
बसलिंगप्पांनी पाकीट काढलं.

मग तिला दोरीला टांगून
बाभळीच्या खुंटीनं एक टिचकी.
अब्बांचा उजवा कान कधीच गेलेला,
अशाच एका नळीनं, जिला कुणी विचारलं नव्हतं.
डावा त्याच्या मागोमाग.
म्हणून ते माझ्याकडं बघत.
शिक्का त्यांचा, कान माझे.

सकाळी हीच पितळी तांब्यासारखी वाजली होती.
आता आवाजाच्या तळाशी काहीतरी बसलं होतं,
चीर गेलेल्या रांजणावर बोट वाजवावं तसं.
दिसत काहीच नव्हतं.
मी अकरा वर्षांची. बसलिंगप्पा हसत होते,
येताना त्यांनी माझ्यासाठी हरभऱ्याचे डहाळे आणले होते.

"बद्द," मी म्हणाले.

अब्बांनी शिक्का खिशात टाकला.
पुन्हा वाजवून पाहिलं नाही.
बसलिंगप्पा बराच वेळ कन्नडमध्ये बोलले,
माझ्याकडं पाठ करून.
मग आम्ही तिघांनी कपारीच्या सावलीत
कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.
नळी मध्ये पडलेली.
डहाळे मी घरी येऊन सोलले, एकेक, उगाच हळू.

नंतर कळलं, वळसंगात ती
गोठ्याच्या दाराला अडसर झाली.
मी बरोबर होते की चूक,
ते सांगणारा आवाज
झालाच नाही.