मसाई पठार, पडद्यावर

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
हरूण शिकलगारांनी शटर अर्धंच वर केलं,
मी वाकून आत गेले.
कूलंटचा आंबूस वास, बुटाखाली बिडाचा भुगा,
आणि कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली
पिवळट पडलेला मॉनिटर.
त्यावर तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ,
जे बाकीच्यांनी कधीच पुसून टाकलं.
"पोरं मसाई पठार म्हणत्यात त्याला," शिकलगार म्हणाले.
"पाऊस सरला की हुबेहूब असंच दिसतंय."

मशीनला हीच टेकडी लागते.
वायरकट, कोइमतूरच्या कंपनीचं.
कंपनी बुडाली,
तिचा नंबर आता कुणा साडीवाल्याकडे लागतो.
नवी विंडोज टाकून बघितली एकदा,
मशीननं भाऊबंदकीतल्यासारखं तोंड फिरवलं.

आजार साधा होता.
पेनड्राइव्ह लावला की फोल्डरची पिल्लं व्हायची.
डाय, गिअर, पंपाचं कव्हर, वीस वर्षांची ड्रॉइंगं,
सगळ्यांच्या जागी एक केबीचं बाणाचं चित्र.
आत काही नाही.

औषध साधं नव्हतं.
पहिल्या अँटिव्हायरसनं उंबऱ्यावरूनच सांगितलं,
तुमची सिस्टीम जुनी आहे.
दुसरा आत आला, ऐसपैस बसला,
पाचशे बारातली चारशे रॅम एकट्यानं संपवली.
माउस हलवायचा आणि चहा पिऊन यायचं,
तोवर बाण पोचायचा.
तिसरा फुकट होता.
आधी माझ्या लॅपटॉपवर तपासला म्हणून बरं,
औषधाच्या बाटलीत तोच रोग.
चौथा म्हणाला, आज एक जानेवारी दोन हजार दोन,
माझा जन्म व्हायचाय.
बोर्डावरचा मेलेला सेल काढला, तीस रुपयांचा नवा घातला,
आजची तारीख सांगितली.
तरी तो जन्मला नाही.

मग मी सीडीचं पाकीट काढलं.
शाहूपुरीतल्या दुकानात पाणी छातीला लागलं तेव्हा
माळ्यावर होतं म्हणून वाचलेलं.
एका सीडीवर माझंच अक्षर:
"एक्सपी. चालतो."
चालला.
शेवटचं अपडेट, तीन ऑगस्ट दोन हजार एकोणीस.
शनिवार होता तो.
त्याच्यानंतर आम्ही तासातासाला
राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत बसलो
आणि चोरांची यादी तिथंच थांबली.
या राखणदाराला पूर माहीत नाही,
टाळेबंदी माहीत नाही,
दुकानाच्या भिंतीवरची मातकट रेघ माहीत नाही,
मी अजून तिला रंग का दिला नाही, तेही नाही.

पण आमचा चोर त्याच्याच वयाचा निघाला.
दोघांनी एकमेकांना ओळखलं.
शहाऐंशी फायली, एकेक करून.
ड्रॉइंगं होती, नुसती लपवलेली होती.
पंपाचं कव्हर उघडलं तेव्हा
शिकलगारांनी स्क्रीनला बोट लावलं,
काचेवर ग्रीसचा ठसा राहिला. मी पुसला नाही.

नेटची केबल उपटली.
चार यूएसबीतली तीन तोंडं एम-सीलनं बुजवली,
चौथ्याला एकच पेनड्राइव्ह, सुतळीनं बांधून,
पाणपोईच्या पेल्यासारखा.

"आजोबा गावोगाव धार लावत फिरायचे," शिकलगार म्हणाले.
"धार लावली की पातं थोडं झिजतंच.
गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे,
अजून चार वर्षं निघतील, अजून दोन.
तुम्ही किती म्हणता?"

मी म्हटलं, केबल लावू नका.

मग त्यांनी मशीन चालू केलं.
पाण्याखाली तार चमकू लागली.
बिलावर 'दुरुस्ती' लिहिलं होतं,
ते खोडून 'राखण' लिहिलं.
त्यांनी वाचलं, चार घड्या घातल्या,
आणि जीएसटी नको म्हणाले.